समिती येऊन गेल्यावर

१

बायका मोजल्या तर बरोबर भरत होत्या. तरीही त्यांतली एक बेपत्ता होती.

फोनवर निवाऱ्याच्या अधीक्षक खरात मॅडम हेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. "निशाताई, खाट रिकामी नाहीये हो! खाटेवर बाई आहे. जेवायला उठवायला गेले, चादर ओढली, तर दुसरीच कुणीतरी. मेघा नाहीये ती!"

"मग ती कोण?"

त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "बोर्डेसाहेबांनी सांगितलंय, समिती विमानात बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पण त्या पोरीला तिच्या घरचे मारतील हो. आमदारताईंना घेऊन या. कुणाला सांगू नका."

मी आमदार वत्सला दाभाडे यांची पीए. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीसुद्धा. आमदार होण्याआधी वीस-बावीस वर्षं त्या जिल्हा कोर्टात वकिली करायच्या, आणि अजूनही चहा मागतात तो उलटतपासणी घेतल्यासारखा. त्या विधिमंडळाच्या अनुदान पाहणी समितीवर आहेत. सरकारनं ज्याला पैसे दिले त्यानं त्यांचं काय केलं, हे जाऊन बघायचं, हे या समितीचं काम. या खेपेला पाळी होती राज्य लोकहक्क मंडळाची. कुणाच्या हक्कांवर गदा आली तर माणसानं दाद मागायची ती ही जागा. मंडळाचा एक गुप्त निवारा मुकुंदवाडीत आहे. घरच्यांपासूनच जिवाला धोका आहे अशा बायका तिथं राहतात. वित्त विभागाचं म्हणणं, निवारा निम्मा रिकामा असतो, तेव्हा पैसेही निम्मे करा. म्हणून समिती सकाळी जाऊन खाटा बघून आली होती.

निवारा भरलेला होता. ओळख पटू नये म्हणून सगळ्या बायका तोंडावर पदर ओढून रांगेत बसल्या होत्या. सभासदांनी हळहळ व्यक्त केली, चहा घेतला आणि ते अजिंठ्याला लेणी बघायला गेले. आमच्या मराठवाडा दौऱ्यात तपासणी कसलीही असो, लेणी ठरलेलीच. अक्का तेवढ्या गुडघ्यामुळं विश्रामगृहावर थांबल्या होत्या.

मी निरोप सांगितला. अक्कांनी हातातला चहा तसाच ठेवला.

"गाडी काढायला सांग. आणि निशा, गाडीत त्या पोरीचं नाव काढायचं नाही. गावाचं नाही, कुणाचंच नाही."

सुदर्शन गाडी घेऊन तयारच होता. ट्रॅव्हल्सवाल्यानं दौऱ्यासाठी दिलेला पोरगा. गोड बोलायचा, मला मावशी म्हणायचा, अक्कांना उतरताना हात द्यायचा. "सकाळच्याच जागी जायचं ना मावशी?" त्यानं विचारलं आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

२

निवाऱ्याच्या गल्लीत गाड्या न्यायच्या नाहीत असा नियम. सकाळीही सगळ्या गाड्या हमरस्त्यावर थांबल्या होत्या आणि आम्ही चालत गेलो होतो. आताही तसंच केलं.

दुमजली साधं घर. पाटी नाही. भिंतींवर काचा, मागं दुसऱ्या इमारतीची भिंत, आत-बाहेर करायला एकच फाटक, आणि फाटकावर रखवालदार कडुबा.

"कुणी नाय गेलं बाई," तो म्हणाला. म्हातारा उन्हात उभा होता, पण घाम उन्हाचा वाटत नव्हता. "मेघा नाय, कुणीच नाय. मी हललोच नाय हितून."

"लघवीला?" अक्कांनी विचारलं.

"नाय."

"तंबाखू आणायला?"

"खिशात हाय."

"मग भिंतीतून गेली?"

कडुबानं मान खाली घातली. "मला काय इचारू नका बाई. लेकराची शपथ घ्यायला लावू नका."

अक्का आत वळल्या. पायरीशी चपला काढताना मात्र त्या थबकल्या. तिथं पाच-सहा जोड होते. मला सकाळची आठवण झाली. पैठण गेटला घेतलेल्या माझ्या नव्या चपला तेव्हा ढिगाखाली गेल्या होत्या, आणि वर आल्या त्या सिमेंटची पूड लागून. मी ते बोलून दाखवलं. एरवी अक्का म्हणाल्या असत्या, निशा, तुला आत्ता चपला सुचतायत. या वेळी त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं.

खरात मॅडमनी आम्हाला आत नेऊन दार लावून घेतलं.

"मेघा अजिंठ्याकडची. घरी भरपूर जमीन. नवरा बुद्धभूषण, बौद्ध समाजाचा पोरगा, चिकलठाण्याला कंपनीत आहे. रजिस्टर लग्न केलं दोघांनी. तेव्हापासून तिचे चुलते खवळलेत आणि भाऊ मागावर आहे. शिवम नाव त्याचं. बुद्धभूषणनं तीनदा खोली बदलली. हिला आम्ही इथं ठेवली." त्या थांबल्या. "गेल्या आठवड्यात भावानं बुद्धभूषणला फोन केला होता. शिवी नाही, आरडाओरडा नाही. म्हणाला, दाजी, दिदीला सांग, मी तिला घ्यायला येतोय."

अक्का खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"इथला पत्ता त्याला माहीत आहे?"

"कुणालाच माहीत नाही. बुद्धभूषणलासुद्धा नाही."

"आणि खाटेवरची बाई?"

"आम्हाला काय माहीत ती कोण! सापडल्यापासून तोंडातून शब्द काढत नाहीये."

अक्का म्हणाल्या, "मॅडम, मला फोन करायची हिंमत तुम्ही केलीत. आता निम्मं खरं सांगून ती वाया घालवू नका."

खरात मॅडम रडायला लागल्या. तेवढ्यात फाटक वाजलं आणि कुणीतरी धावत आत आलं.

३

आले होते इंद्रजीत बोर्डे, मंडळाचे विभागीय संचालक. इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडावर इस्त्री मोडलेली.

"ताई, आपण कशाला त्रास घेतलात? कौटुंबिक बाब आहे. मुलगी स्वखुशीनं गेली असेल."

"कुठून? फाटकावरचा माणूस म्हणतो, कुणी बाहेर पडलंच नाही."

"म्हातारा झालाय तो."

"बोर्डेसाहेब, सकाळी किती बायका होत्या इथं?"

"निवारा पूर्ण भरलेला होता. आपण स्वतः पाहिलंत."

"मी पदर पाहिले," अक्का म्हणाल्या. "सगळ्या साड्या एकाच रंगाच्या, घडीच्या रेघा न मोडलेल्या. दारात चपलांचा ढीग होता, आता पाच-सहा जोड आहेत. जिवाच्या भीतीनं कोंडून घेतलेल्या बायका, उंबरा ओलांडत नाहीत. त्यांच्या चपलांना सिमेंट कुठून लागलं?"

बोर्डे खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"तुम्ही मजूर अड्ड्यावरून बायका आणल्या. साड्या दिल्या, तोंडं झाकून बसवलं. समिती गेली तशा त्या परत पाठवल्या. कडुबा खोटं बोलत नव्हता. निवाऱ्यातलं कुणी गेलेलं त्यानं पाहिलं नाही. आणलेल्या परत जाताना पाहिल्या, आणि ते बोलायचं नाही अशी तुमची ताकीद होती."

"टेम्पोनं आणल्या," बोर्डे हळूच म्हणाले. "पूर्ण रोज दिला त्यांना, जेवण दिलं. ताई, माझ्या जागी उभं राहून बघा. रिकामी खाट दिसली की पुढच्या वर्षी तुम्ही खाटेचे पैसे कापता. बाईवर कुऱ्हाड उगारली जाते ती काय तुमच्या दौऱ्याचा दिवस बघून? ती येईल तेव्हा खाट लागते. हे मी तीन वर्षं लिहून कळवतोय. कोण वाचतं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला, पण जेवढा यायला हवा तेवढा नाही.

"कडुबानं फाटकातून सोडताना मोजल्या असतील," अक्का म्हणाल्या.

"मोजल्या. आणल्या तेवढ्याच गेल्या."

"म्हणजे एक इथं राहिली आणि तिच्या जागी मेघा गेली. चला, त्या बाईला भेटू."

ती वरच्या खोलीत, खिडकीपासून लांब, जमिनीवर बसली होती. चाळिशीची, उन्हानं काळवंडलेली, हातांच्या बोटांना भेगा. नाव तिनं सांगितलं. सरूबाई.

"सरूबाई, तुम्ही तिला तुमची जागा दिलीत."

"दिली."

"का?"

"माझी पोरगी असती तर तिला कुनी दिली नसती का?" तिनं अक्कांकडं बघितलं, आणि त्या नजरेत आदर वगैरे काही नव्हता. "तुमी खाली च्या घेत व्हता तवा आमी टेम्पोची वाट बघत हितंच बसलो व्हतो. ती पानी द्यायला आली. खिडकीतून खाली बघितलं आन् तिथंच गारठली. तांब्या पडला हातातून. म्हनली, मावशी, मला तुमच्यात घेऊन चला, न्हाईतर आज माझं मढं निघंल."

"कुणाला बघितलं?"

"ते न्हाई सांगितलं. माझं तोंड धरलं, म्हनली बोलू नका, त्याला आवाज जाईल."

"ती आता कुठंय?"

सरूबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

"सरूबाई, तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हनूनच न्हाई सांगत. इतके दिवस ती हितं नीट व्हती. तुमी आला आन् तिला पळावं लागलं. तुमच्यापैकी कुनालाच सांगनार न्हाई मी."

अक्का खिडकीपाशी गेल्या. मी पण गेले. खाली फक्त फाटक आणि फाटकासमोरचा हातभर रस्ता दिसत होता. बाकी काही नाही.

"निशा, पोलीस सकाळी कुठं होते?"

"हमरस्त्यावर, गाड्यांपाशी. आत सभासद तेवढे. ते तर खालच्या हॉलमध्येच होते."

"मग या फाटकाशी कोण होतं?"



४

निवाऱ्यात बोलायचं नाही, भिंतीला कान असतील, म्हणून अक्का मला घेऊन बाहेर पडल्या. पोलीस आयुक्तांना आधी फोन करू की आधी बुद्धभूषणला गाठू, याचा विचार करत आम्ही हमरस्त्यावर आलो. सुदर्शन बोनेटला टेकून उभा होता. आम्हाला बघताच त्यानं दार उघडलं.

गाडी निघाली. कुणीच बोलेना. आरशात त्याचे डोळे एकदा माझ्यावर, एकदा अक्कांवर.

"काय झालं मावशी? लई टेन्शनमधी दिसताय."

"काही नाही रे," मी म्हणाले, आणि न राहवून पुढं बोलून गेले, "एक बाई सापडत नाहीये."

"अरेरे." त्यानं वेग कमी केला. "नवऱ्याकडं गेली असंल. चिकलठाण्याला जाऊन बघायचं का? हे काय, दहा मिन्टात नेतो."

त्याचा आवाज मायेचा होता. मी 'हो' म्हणणारच होते. माझ्या मांडीवर अक्कांचा हात आला, आणि त्यांची नखं साडीतून मला टोचली.

मी तेव्हा कुठं ऐकलं, त्यानं काय म्हटलं ते. मी एक बाई म्हणाले होते. तिला नवरा आहे, हे म्हणाले नव्हते. तो चिकलठाण्याला आहे, हे तर बंद दाराआड सांगितलं गेलं होतं.

आणि मग सकाळ आठवली. फोटोत काठी येऊ नये म्हणून अक्का ती मुद्दाम गाडीत ठेवून गेल्या होत्या. चहा चालू असताना हा काठी घेऊन निवाऱ्याच्या फाटकाशी उभा. "मॅडम इसरल्या," म्हणाला. किती काळजीचं पोरगं, असं मी चारचौघांत म्हटलं होतं. कुणीही मागितली नव्हती ती काठी. गल्लीतलं नेमकं घर कुठलं, हे बघायला त्याला कारण हवं होतं.

पत्ता गुप्त होता. दौरा गुप्त नव्हता. आमचा कार्यक्रम पेपरात छापून आला होता. बहिणीला शोधायला त्याला काहीच करावं लागलं नव्हतं. आमची गाडी चालवायची, एवढंच.

दारं त्याच्या बटणानं बंद झालेली. बाहेर जालना रोडवर उजेड होता, रिक्षा, शाळेतून सुटलेली पोरं, उसाच्या रसाचं दुकान. आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

"चिकलठाणा बरोबर आहे," अक्का म्हणाल्या. आवाज सकाळी चहा मागताना होता तेवढाच शांत. "पण कंपनीवाले आत सोडणार नाहीत. आयुक्तालयातून एक चिठ्ठी घेऊ, मग जाऊ. ती आपल्याला बघून बाहेर येईल. माझ्याशिवाय यायची नाही."

आरशातले डोळे हलले नाहीत. गाडीचा वेग आणखी कमी झाला. एक रिक्षा हॉर्न वाजवत पुढं गेली. मी मनात कुठल्या देवाचं नाव घेतलं, आठवत नाही. बहुतेक सगळ्यांचं घेतलं.

"किती वेळ लागंल मॅडम?"

"तू दारातच थांब. चालू ठेव गाडी."

त्यानं इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.

५

आयुक्तालयाच्या दारात आम्ही उतरलो. अक्का काठी टेकत, घाई न करता आत गेल्या. आतल्या पहिल्या खोलीत त्यांनी समोरच्या इन्स्पेक्टरला सगळं सांगितलं.

गाडी चालूच होती, तशीच पोलिसांनी त्याला खाली उतरवलं. खिशातला समितीचा पास सुदर्शनच्या नावाचा. खरा सुदर्शन त्याचा दोस्त, त्यानं आपली जागा तीन दिवसांसाठी याला दिलेली. लायसन्सवर नाव शिवम. सीटखाली काय होतं ते इन्स्पेक्टरनं फडक्यात गुंडाळून नेलं आणि मी बघितलं नाही. बघितलं असं म्हणायला अजूनही जीभ रेटत नाही.

"मावशी," जाताना तो मला म्हणाला, त्याच गोड आवाजात, "मी तर नुसता घरी न्यायला आलतो तिला."

अक्का इन्स्पेक्टरला समजावत होत्या. "कडुबाला ती रोज बघायची, बोर्डेंना दर आठवड्याला. त्यांना बघून तिचा तांब्या पडणार नाही. म्हणजे माणूस नवा, आमच्याबरोबर आलेला. आणि आमच्यापैकी फाटकाशी उभा राहिलेला हा एकच. हे मला त्या खिडकीतच कळायला हवं होतं. मी त्याच्या गाडीत जाऊन बसले." मग त्यांनी विचारलं, "किती दिवस आत राहील?"

इन्स्पेक्टर प्रामाणिक होता. "वकील चांगला असेल तर फार नाही, ताई. आणि घरात चुलते आहेत म्हणता ना?"

आम्ही रिक्षानं निवाऱ्यावर परत गेलो. कोण होता ते अक्कांनी सरूबाईला सांगितलं. आमच्याच गाडीचा ड्रायव्हर, हेही लपवलं नाही. सरूबाईनं पायात चपला सरकवल्या. "चला. पन रिक्षा माझ्या म्हनन्यानं चालंल."

चिकलठाण्याच्या अलीकडं नव्या इमारतींचं काम चालू होतं. एकसारख्या साड्या नेसलेल्या बायका घमेली एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देत होत्या. सरूबाईनं हाक मारली नाही, नुसती जाऊन उभी राहिली. रांगेतल्या एकीच्या हातातलं घमेलं खाली आलं. मेघा माझ्या कल्पनेपेक्षा लहान दिसत होती.

"तो कुठंय?" हा तिचा पहिला प्रश्न.

"पोलिसांकडं."

"आज. आणि उद्या?"

अक्का म्हणाल्या, "उद्याचं मला माहीत नाही, बाळ."

"मग मी परत तिथं कशी जाऊ? ती जागा आता त्यानं बघितली. तुम्ही सगळ्यांनी बघितली."

बुद्धभूषणला कंपनीतून बोलावून घेतलं. तो धावत आला आणि तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला, जणू जवळ गेला तर कुणीतरी बघेल. दोघांनी आपसात काहीतरी ठरवलं. संध्याकाळी आम्ही त्यांना मुकुंदवाडी स्टेशनवर घेऊन गेलो. फलाटावर माणसं मोजकीच होती. मेघानं तोंड उघडलं, कुठं जाणार ते सांगायला, तशी अक्कांनी तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

"मला नको सांगू. हिलाही नको. आज तुझा पत्ता माझ्याच गाडीनं फोडला. उद्या मला कुणी गोड बोलून विचारलं, तर मला काही ठाऊकच नसलेलं बरं." मग माझ्याकडं वळून, "निशा, पाठ फिरव."

आम्ही दोघी कुंपणाकडं तोंड करून उभ्या राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. गाडीचा आवाज आला. जालन्याकडून की मनमाडकडून, ते कानाला कळणारच होतं. तेवढ्यात अक्का मोठमोठ्यानं बोलायला लागल्या.

"घे लिहून! अहवालाचा मसुदा! उसन्या बायका आणून समितीची दिशाभूल केली, त्याबद्दल संचालकांकडून खुलासा मागवावा! निवाऱ्याचं अनुदान एक पैशानं कमी करू नये! खाट रिकामी दिसली तर ती रिकामी राहू द्यावी, ती त्याचसाठी आहे!"

गाडी थांबली. माझ्याकडं कागद नव्हता, पेन नव्हतं. मी जोरजोरात मान हलवत होते. फलाटावरची माणसं आमच्याकडं बघत असणार.

"यापुढं कुठल्याही समितीनं, माझ्यासकट, निवाऱ्याच्या गल्लीत पाऊल टाकू नये! पैशाबद्दल विचारायचं ते मुंबईत, सभागृहात बसून विचारावं! बायका बघायला जाऊ नये!" त्यांचा आवाज फाटला. "लिहिलंस का?"

"लिहिलं अक्का."

गाडी गेली. आवाज पूर्ण विरेपर्यंत त्यांनी मला वळू दिलं नाही.

वळलो तेव्हा फलाटावर एक शेंगावाला राहिला होता. शेगडी घेऊन तो रुळांकडं तोंड करून बसलेला. त्याला सगळं दिसलं असणार. अक्का काठी टेकत त्याच्यापर्यंत गेल्या.

"दादा, आत्ता इथून एक पोरगा आणि पोरगी गेली. कुठल्या गाडीनं?"

त्यानं अक्कांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडं बघितलं. मग शेगडीवरचा कोळसा सारखा केला.

"कोन पोरगी? मला नाय ठाव बाई. शेंगा देऊ का?"

अक्कांनी दोन पुड्या घेतल्या. सुटे पैसे त्यांनी परत घेतले नाहीत.